आधी पाय, मंग पाय

संध्याताई तायडेंशी माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात माझ्या लेकीच्या, आचलच्या, डोळ्यांचा दाखला होता.

बडनेऱ्याच्या रेल्वे मैदानावर सकाळी मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या एक ताई आहेत आणि नवी मुलगी आली की त्या आधी डोळे तपासून आणायला सांगतात, हे मला शेजारच्या आकांक्षाच्या आईनं सांगितलं होतं. मी मुळात काळजी करणारी बाई. कोणी तपासायला सांगायच्या आत तपासून मोकळी होणारी. आचलला घेऊन अमरावतीला मोठ्या डॉक्टरांकडे गेले, डोळ्यांत औषध घालून ती अर्धा दिवस आंधळ्यासारखी बसली, आणि दोन्ही डोळे ठणठणीत असल्याचा कागद घेऊन आम्ही परत आलो. तो कागद मी संध्याताईंपुढे असा धरला, जणू पोरीचा दहावीचा निकाल.

त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

"डोळे त बेस हायेत वहिनी. आता ही पोट्टी ते ठेवते कुठं, ते पाहू."

मला ते बोलणं लागलं. डोळे ठेवते कुठं म्हणजे काय? डोळे काय पेन्सिल आहेत का, कुठंही ठेवायला?

ताई दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावर उन्हानं पिवळी पडलेली टोपी, गळ्यात शिट्टी, आणि तीही परकराच्या नाडीत ओवलेली. उजव्या गुडघ्यावर कायम पट्टा. सकाळी मैदान आणि दुपारनंतर बडनेरा स्टेशनावर तिकीट खिडकीत नोकरी. खिडकीत बसल्या की डोक्यावर टोपी नसते, त्यामुळे त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींनाही त्या पटकन ओळखू येत नाहीत. एकदा एका मुलीनं म्हणे मूर्तिजापूरचं तिकीट मागितलं, ताईंनी दिलं, आणि वर विचारलं, काल प्रॅक्टिसले काहून नाही आली वं. पोरगी तिकीट तिथंच सोडून पळाली.

आचलचा पहिला दिवस मला नीट आठवतो, कारण मी मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभी होते आणि नंतरही कित्येक महिने तिथंच उभी राहिले. मुली चेंडू घेऊन इकडून तिकडे पळत होत्या. मधेच ताईंनी शिट्टी मारली. सगळ्या जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. नवीन असल्यानं आचलनं जरा उशिरा मिटले. ताई सरळ तिच्याजवळ गेल्या.

"तुह्या मागं कोण हाय?"

"मले मागं डोळे थोडी हायेत, ताई."

मुली हसल्या. ताईसुद्धा हसल्या. "मले बी नाईत. म्हणून त मान हाय."

त्यांची शिकवायची रीतच ही. खेळ चालू असताना कधीही शिट्टी वाजायची, डोळे मिटायचे, आणि कोणालाही प्रश्न यायचा. डाव्या हाताला कोण, मोकळी जागा कुठं, आपली गोलकीपर पुढं आली आहे की मागं. दुसरा प्रकार चिंध्यांचा. शिंप्याकडून आणलेले लाल, पिवळे, निळे तुकडे ताईंच्या खिशात असत. एक मुलगी चेंडू पाठवणार, दुसरी घेणार, आणि ताई घेणारीच्या पाठीमागं लांब उभ्या राहून एक तुकडा वर धरणार. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून रंग सांगायचा आणि मग चेंडू अडवायचा. सुरुवातीला ज्या रंग सांगायच्या त्यांचा चेंडू दोन पायांमधून निघून जायचा, आणि ज्या चेंडू अडवायच्या त्या अंदाजानं कुठलाही रंग ठोकून द्यायच्या. आचल तर एकदा "गुलाबी" म्हणाली. गुलाबी चिंधी ताईंकडे नव्हतीच.

हे सगळं ताईंनी एका वाक्यात बांधलं होतं: "आधी पाय, मंग पाय." वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडे बोलताना 'पाहा'चं 'पाय' होतं. पायलं का, पायून घे, इकडं पाय. तेव्हा आधीचा पाय डोळ्यांचा, नंतरचा पाय खरोखरचा. आधी बघ आणि मगच चेंडूला हात लाव, म्हणजे पाय लाव. मैदानावर दिवसभर "पाय, पाय" चालायचं आणि कोणत्याही मुलीचा कधी घोटाळा झाला नाही.

घोटाळा माझ्या घरात झाला. आचलला मी लहानपणापासून एकच धडा दिला होता, समोर पाहून चाल. आता पोरगी समोर सोडून सगळीकडे पाहू लागली. जेवताना मान डावीकडे, मग उजवीकडे. रस्त्यानं चालताना खांद्यावरून मागं. शाळेतून बाईंनी बोलावून सांगितलं की तिचं वर्गात लक्ष नसतं, सारखी इकडेतिकडे बघते. मी घाबरले. हा काही झटक्यांचा प्रकार तर नाही ना, म्हणून पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मुलगी ठीक आहे, पण तुम्ही... पुढचं त्यांनी पूर्ण केलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून ते मला कळलं.

नितेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हे हसण्यावारी नेलं. तो म्हणाला, फुटबॉल खेळणारी नाही, ट्रॅफिक पोलीस होऊन राहिली तुझी पोरगी. मात्र एका संध्याकाळी अभ्यास करता करता आचल मान न उचलता म्हणाली, आई, दूध उतू जाऊन राहिलं. स्वयंपाकघर तिच्या पाठीमागं होतं, तिनं मागं कधी पाहिलं कोण जाणे. मी धावले तेव्हा साय पातेल्याच्या काठाशी आली होती.

तरी माझी शंका गेली नाही. गेल्या वर्षी विभागाच्या संघाची निवड झाली, त्यात ताईंची एकही मुलगी घेतली गेली नाही. आचल घरी येऊन बूट न काढता पलंगावर झोपली. त्यानंतर मैदानावरच्या मुली कमी होऊ लागल्या. अमरावतीत दुसरा वर्ग निघाला होता, तिथं भिंतीवर चेंडू मारमारून मुलींच्या लाथा तोफेसारख्या झाल्या होत्या. आयांमध्ये बोलणं सुरू झालं की तायडेबाई फुटबॉल शिकवतात की आंधळी कोशिंबीर. मीही ठरवलं की आचलला तिकडे टाकायचं. पण न सांगता काढून घ्यायला बरं वाटेना, म्हणून स्टेशनवर गेले आणि रांगेत उभी राहिले.

माझी पाळी आली. ताईंनी मान वर केली नाही.

"तिकीट नको असन तर मागच्या दारानं या वहिनी. चहा सांगतला हाय."

रांगेत मागं असल्यापासूनच त्यांनी मला पाहिलं होतं. आतल्या लहान खोलीत आम्ही बसलो. मी घरून तयार केलेलं सगळं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं सांगू लागल्या. यापूर्वी त्यांनी मला स्वतःबद्दल काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

त्या अकोटजवळच्या. वडील सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला. कापसाच्या गाड्या येणं बंद झालं की जिनिंगचं आवार उन्हाळाभर रिकामं पडायचं, तिथं त्या पोरांबरोबर खेळायच्या. पोरांनी आधी गोलमध्ये उभं केलं, कारण गोलमध्ये कोणालाच उभं राहायचं नव्हतं. मग त्या पुढं आल्या आणि परत मागं गेल्याच नाहीत. पुढं अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी, विद्यापीठाचा संघ, आणि खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी. आईवडिलांना नोकरीचा आनंद, त्यांना जर्सीचा. सगळं नीट चाललं होतं. एका सामन्यात चेंडू उंचावरून येत होता, त्या त्याच्याकडे बघत मागं मागं गेल्या, आणि पाठीमागून दुसऱ्या संघाची मुलगी धावत येत होती.

"मले बॉल दिसला वहिनी," त्या म्हणाल्या. "ती पोरगी नाई दिसली."

गुडघा गेला. खेळणं संपलं आणि तिकीट खिडकी सुरू झाली. हे त्यांनी रडगाण्यासारखं सांगितलं नाही, चहात बिस्कीट बुडवत सांगितलं. नंतर प्रशिक्षकाच्या कोर्सला नागपूरला गेल्या, तिथं एका सरांनी व्हिडिओ दाखवला. मोठे खेळाडू चेंडू येण्याआधी किती वेळा मान वळवतात, तेवढंच त्यात दाखवलं होतं. सगळे वही काढून लिहीत होते आणि ताई आपल्या गुडघ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या मुलींना काही आलं नाही तरी चालेल, मागून कोण येतं ते कळलं पाहिजे.

मी म्हटलं, पण निवड तर होत नाही ना त्यांची. खिडकीबाहेर रांग वाढत होती. उठता उठता म्हणाल्या,

"आचल पाहाले शिकली. पाहून काय कराचं, ते आता शिकून राहिली. पेरलेलं उकरून पाहते का कोणी?"

माझ्या माहेरी शेती आहे. एक वर्ष थांबायचं ठरलं. आचलला मी सांगितलं की पुढच्या वर्षी विभागाच्या निवडीत नाव आलं तर ताईंकडेच राहायचं, नाही आलं तर अमरावतीला. त्या दिवसापासून तिनं एकही सकाळ चुकवली नाही, आणि मला कळलं की तिला संघात जायचं होतं त्याहून जास्त ताईंकडे राहायचं होतं.

यंदाच्या हिवाळ्यातली ती निवड आज अकोल्याला झाली. ताईंनी रजा काढली, आम्ही चौघी, ताई, मी, आचल आणि आकांक्षा, सकाळच्या गाडीनं गेलो. मुख्य निवडकर्ते पुण्याहून आले होते. शांत माणूस, मुलींना बाळांनो म्हणणारे. मला वाटलं होतं की ते लाथांची ताकद बघतील, पण त्यांनी सकाळभर ताईंसारखंच काहीतरी केलं. चिंध्यांऐवजी आकडे लिहिलेल्या पाट्या आणि काठीवर लावलेला मोबाइल, एवढाच फरक. मुलगी चेंडू येण्याआधी किती वेळा बघते, ते त्यात टिपलं जात होतं. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, आपल्याच जातीचा माणूस दिसते. सकाळचं आचलचं काम छान झालं. मी डबा उघडून पोळीचा पहिला घास खाल्ला.

दुपारी सामना लावला आणि पोरगी बिथरली. अनोळखी मैदान, अनोळखी मुली, आणि आचल मधल्या जागेवर. पहिला चेंडू आला, ती त्याच्याकडेच बघत राहिली आणि मागून एका मुलीनं तो काढून नेला. दुसऱ्यांदा तेच झालं. ताईंना कडेला बोलायची परवानगी नव्हती, प्रशिक्षकांनी गप्प राहायचं असा नियम होता. आयांसाठी नियम नव्हता. मी रेषेशी गेले आणि ओरडले,

"आचल, पाय! आधी पाय!"

तिच्या मानेला माझा आवाज लागला. पुढचा चेंडू येताना तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि चेंडू नुसता वळवून मोकळ्या मुलीला दिला. मला जोर चढला. चेंडू तिच्याकडे निघाला की मी पाय, पाय करून ओरडायची आणि ती मान वळवायची. पुण्याचे सर माझ्यापासून थोड्या अंतरावर उभे होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मला वाटलं, ऊन लागत असेल.

मध्यंतरात त्यांनी आचलला बोलावलं, ताईंनाही बोलावलं. मी न बोलावताच गेले.

"तुझी आई पाय मार म्हणून ओरडतेय," सर आचलला म्हणाले, "चेंडू तुझ्याकडे येतोय, आणि तू नुसती इकडेतिकडे बघतेस. बघणं चांगलंच, पण मारायचं कधी? सांगितलेलं ऐकायचं नाही का?"

"पायतच त होती सर."

"कुठे? एकदाही जोरात मारला नाहीस."

"मारलं कुठं म्हणते मी? पायलं म्हणते."

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताई गुडघा धरून वाकल्या होत्या. मला वाटलं दुखला की काय, तर त्या हसत होत्या.

"सर, आमच्याकडं पाय म्हणजे बघ."

"मग पायाला काय म्हणता?"

"पायाले बी पायच म्हणतो."

"मग मुलींना कळतं कसं, कोणता पाय ते?"

"जो आधी येते तो डोळ्याचा."

सर हसले. तिला दुसऱ्या हाफमध्ये बाहेर बसवणार होते, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण निवड म्हणजे निवड, शब्दाच्या घोटाळ्यावर ते काही कोणाला संघात घेणार नव्हते. बरं, बघू या, एवढंच म्हणाले. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एम.ए. झालेली बाई मी, आणि पोरीला मदत करायला गेले ती तिला बाहेर बसवूनच आले असते. सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा मी कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून गुपचूप गोलच्या मागं जाऊन उभी राहिले.

खेळ ऐन रंगात असताना सरांनी शिट्टी मारली.

"थांबा. सगळ्यांनी डोळे मिटा."

बाकीच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. आचल आणि आकांक्षानं मात्र शिट्टीबरोबर डोळे मिटून घेतले होते. सर चालत आचलपाशी आले.

"मोकळी जागा कुठे आहे?"

आचल डोळे न उघडता सांगू लागली. "उजव्या हाताले, लाइनीपाशी. तिथची पिवळ्या जर्सीवाली लंबी पोट्टी मधात आली. मागं आकांक्षा हाय, तिच्या बुटाची लेस सुटेल हाय."

सगळ्यांनी आकांक्षाच्या पायाकडे पाहिलं. लेस सुटली होती.

"आणखी कोण?"

"आई," आचल म्हणाली. "गोलच्या मागं. ओढणी तोंडात धरून."

आता मैदानभरच्या माना माझ्याकडे वळल्या. ओढणीचं टोक खरंच माझ्या दातांत होतं. मी ते सोडलं, पण काय करायचं ते कळेना, म्हणून परत धरलं.

इतके दिवस मी मैदानाच्या कडेला उभी राहिले आणि मला वाटायचं की खेळताना हिला माझा पत्ता नसतो. बघण्याचं काम आपलं एकटीचं आहे, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी नावं वाचली. आचलचं नाव अठरा जणींत होतं, आकांक्षाचं राखीव मुलींत. आकांक्षा थोडी रडली, मग राखीव मुलींनाही जर्सी मिळते हे कळल्यावर तिचं माप विचारायला धावली. सर निघताना ताईंपाशी थांबले आणि पुणेरी उच्चारात म्हणाले, "आधी पाय, मग पाय. बरोबर ना?" ताई म्हणाल्या, बरोबर, फक्त मग नाही, मंग.

स्टेशनवर ताईंनी कचोऱ्या घेतल्या. आचल त्यांच्याकडे आशेनं बघत होती, शाबासकी मिळेल म्हणून. ताईंनी कचोरी तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं की दुसऱ्या हाफमध्ये डावीकडे कमी पाहिलं, उद्या सकाळी त्याच्यावर काम करू. आचलचा चेहरा फुलला. उद्या सकाळी, हे दोन शब्द तिला हवे होते. अमरावतीच्या वर्गाचं नाव मी काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

घरातले सगळे झोपल्यावर हे लिहिते आहे. आचलची पिशवी उद्यासाठी दाराशी ठेवलेली आहे आणि मी ती दोनदा उघडून पाहिली. काळजी काही लगेच जात नाही. आता संघ बाहेरगावी जाईल, तिथं जेवण कसं असेल, झोपायला गाद्या असतील का, हे माझ्या डोक्यात सुरू झालंच आहे.

एक सांगायचं राहिलंच. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा पुलावर गर्दी होती. दिवसभर उभं राहून ताईंचा गुडघा भरून आला होता, त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. आचल आणि आकांक्षा पुढं होत्या. आचलनं खांद्यावरून एकदा मागं पाहिलं. समोर पाहून चाल, हे माझ्या ओठावर आलं होतं, मी ते गिळलं. ती दोन पायऱ्या चढली, परत एकदा पाहिलं, आणि मग तिची चाल हळू झाली. मागच्या लोकांना तिनं बाजूनं जाऊ दिलं.

ताईंनी वर पोचल्यावर दम घेत विचारलं, "माह्यासाठी थांबली का वं?"

"नाई," आचल म्हणाली. "पायलं फक्त."